बहुकंटक: कोसंबींच्या 'मांसाहार' प्रकरणातला मासा

धर्मानंद कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या पुस्तकात बारा प्रकरणं आहेत. सगळ्यात जास्त वाद झाला तो अकराव्यावरून. नाव एकाच शब्दाचं: 'मांसाहार'. पुस्तक १९४०च्या सुमाराचं. लेखक जाऊन साठ वर्षं कधीच उलटल्यामुळे ते आता कॉपीराइटमुक्त आहे, फोनवर सहज मिळतं. तेवढं एक प्रकरण वाचायचं म्हटलं तर पुण्याहून यवतमाळला निघालेली ट्रॅव्हल्स नगरला पोचायच्या आत वाचून होतं. मी ते तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळ्या कारणासाठी. तिसऱ्यांदा वाचताना त्यातल्या एका माशापाशी अडकलो. हा लेख त्या माशाबद्दल आहे.

आधी प्रकरणात काय आहे ते सांगतो. बुद्धाचं शेवटचं जेवण पावा इथल्या चुंद नावाच्या लोहाराकडे झालं. त्यात 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ होता. तो खाल्ल्यावर बुद्धाचा आजार बळावला आणि पुढे कुसिनारेला परिनिर्वाण झालं. सूकरमद्दव म्हणजे नेमकं काय, यावर दीड हजार वर्षं वाद चालू आहे. बुद्धघोषाची अट्ठकथा म्हणते की ते डुकराचं मांस. दुसरे कुणी म्हणतात कंद, कुणी म्हणतात अळंबी, कुणी म्हणतात डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवणारे कोंब. ज्याला जे सोयीचं ते. कोसंबी आडपडदा न ठेवता मांसाच्या बाजूने कौल देतात. मग ते आणखी एक पाऊल पुढे जातात. बुद्धाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्या काळाकडे पाहावं, असा त्यांचा रोख आहे. त्या काळी ब्राह्मण यज्ञात गाई-बैल मारत होते आणि खातही होते. भिक्षेवर जगणारे श्रमणही भिक्षेत आलेलं मांस घेत होते, आणि त्यात जैन श्रमणही होते. पुराव्याला त्यांनी आचारांग आणि दशवैकालिक ही जैनांचीच सूत्रं काढली.

तिथे तो मासा येतो. अर्धमागधीतल्या त्या नियमाचा आशय असा: भिक्षा घेताना पुष्कळ हाडं असलेलं मांस किंवा पुष्कळ काटे असलेला मासा मिळाला तर साधूने तो घेऊ नये, कारण त्यात खायला थोडं आणि टाकायला जास्त असतं. बहुकंटक मत्स्य. मृगळ खाल्लेल्या कुणालाही हा नियम लगेच कळेल.

कोसंबींचं वाचन सरळ आहे. नियम काटेरी माशाबद्दल असेल, तर कमी काट्याचा मासा घ्यायला हरकत नव्हती. जैन परंपरेचं उत्तर वेगळं आहे. इथे मांस म्हणजे फळाचा गर, अस्थी म्हणजे बी, मत्स्य हेही एका वनस्पतीचं नाव. महावीरांनी आजारपणात रेवती नावाच्या श्राविकेकडून जे औषध मागवलं, त्याच्या वर्णनात कोंबड्याचं नाव येतं. तेही वनस्पतीचंच नाव, असं हे उत्तर सांगतं. कोसंबींच्या लिखाणाला जैन समाजातून तीव्र विरोध झाला आणि तो त्यांच्या हयातीनंतरही पूर्ण निवला नाही.

भाषेच्या बाजूने पाहिलं तर मला कोसंबींचं म्हणणं जास्त पटतं. सर्व्हर पडला की कुणी हवामानाला दोष देतं, कुणी नेटवर्कला. आपण लॉग उघडून बसलो की निम्म्या कथा गळून पडतात. कोसंबी तेच करतात. एका ठिकाणी सोयीचा अर्थ लावायचा असेल तर तो सगळ्या ठिकाणी लावून दाखवा, असा त्यांचा बाणा. त्यांचं मराठी गद्यही त्यासारखंच आहे. कोरडं, छोट्या वाक्यांचं, विशेषणांची काटकसर करणारं. आज ऐंशीहून जास्त वर्षांनी वाचताना एखादाच शब्द अडतो. इतक्या पेटत्या विषयावर इतक्या थंड डोक्याने लिहिलेलं मराठीत फार नाही.

पण ही शिस्त एका जागी थांबते. या सगळ्या भांडणात तो मासा होता की फळ, एवढाच प्रश्न आहे. खाणारा कोण होता आणि खाल्ल्याने त्याचं मोठेपण कमी होतं की नाही, याभोवती दोन्ही बाजू फिरतात. मासा होता असं धरलं, तर त्या माशाचं काय? हे कोसंबी विचारत नाहीत आणि त्यांचे विरोधकही विचारत नाहीत. दोघांच्याही लेखी मासा हा साक्षीदार आहे. त्याची जबानी झाली की त्याने घरी जायचं.

यातला विरोधाभास असा, की माशाबद्दल सगळ्यात जास्त विचार करून ठेवलेला आहे तो जैन परंपरेने. जैन वर्गीकरणात जिवांची प्रतवारी इंद्रियांवरून होते. झाड एकेंद्रिय, गांडूळ द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय. पाण्यातला मासा मात्र पंचेंद्रिय, म्हणजे गाय, हत्ती आणि तुम्ही-आम्ही ज्या पायरीवर आहोत त्याच पायरीवर. एवढ्यावर ते थांबत नाहीत. तंदुलमत्स्याची गोष्ट जैन घरांमध्ये मुलांना सांगतात. एका अवाढव्य माशाच्या पापणीत तांदळाच्या दाण्याएवढा मासा राहतो. मोठा मासा तोंड उघडं टाकून झोपलेला असतो आणि शेकडो मासे त्याच्या तोंडातून आत-बाहेर करत असतात. छोटा मासा मनात म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडला नसता. त्याने कुणाला खाल्लेलं नाही, तेवढं त्याचं तोंडच नाही. पण त्या विचारापायी तो सातव्या नरकात जातो.

ही गोष्ट हिंसेच्या विचाराबद्दल आहे हे उघड आहे. मला त्यातलं गृहीतक जास्त महत्त्वाचं वाटतं. माशाला मन आहे, इतकं की त्याला पाप लागू शकतं. युरोपात सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी तांदळाएवढ्या माशाला नरकात पाठवण्याइतकी जबाबदारी दिली होती. ज्या समाजाकडे हा ठेवा आहे, त्याने कोसंबींना 'तो मासा नव्हताच' असं उत्तर देण्यात सगळी शक्ती घालवली. 'असला तर वाईट झालं, कारण मासा म्हणजे कोण हे आमचीच शास्त्रं सांगतात' हे उत्तर कितीतरी भारी पडलं असतं. त्याने इतिहास बदलला नसता, पण वाद खाणाऱ्याच्या इभ्रतीवरून हलून खाल्ल्या जाणाऱ्याकडे वळला असता.

आता गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या विज्ञानाकडे येऊ. कोसंबींना हे उपलब्ध नव्हतं, आपल्याला आहे.

२००३ साली लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावरच्या मज्जातंतूंची तपासणी केली. ५८ संवेदनग्राही जागा सापडल्या आणि त्यातल्या २२ जागा इजेला प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. आपल्या कातडीतही असेच 'नोसिसेप्टर' असतात. मग त्यांनी काही माशांच्या ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, टोचलं. त्या माशांच्या कल्ल्यांची हालचाल वाढली. ते तळाशी बसून डुलत राहिले. आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे तासा-दीडतासात खायला आले. विष किंवा आम्ल टोचलेल्यांना जवळजवळ तीन तास लागले. दुसऱ्या एका प्रयोगात टाकीत लेगोचा लाल मनोरा ठेवला. साधारणपणे मासा अशा अनोळखी वस्तूपासून लांब राहतो. आम्ल टोचलेल्या माशांचं लक्षच नव्हतं, ते तिच्या जवळ भटकत राहिले. मॉर्फिन दिल्यावर पुन्हा सावध झाले.

दुसरी बाजूही आहे आणि ती मूर्ख नाही. अमेरिकेतला जेम्स रोझ २००२ पासून आणि ऑस्ट्रेलियातला ब्रायन की त्यानंतर ठासून सांगत आले आहेत की वेदना जाणवायला मेंदूचं बाह्यपटल, कॉर्टेक्स, लागतं. माशाला ते नाही. म्हणजे इजेची दखल घेतली जाते, पण दुखणारं आत कुणी नसतं. मला हा मुद्दा एकदम झटकून टाकता येत नाही, कारण माझं कामच ते आहे. मी मॉनिटरिंगच्या सिस्टिम लिहितो. डिस्क भरली की अलर्ट जातो, सर्व्हर स्वतःचा लोड कमी करतो, नवीन काम घेणं थांबवतो. बाहेरून पाहिलं तर आजारी माणसासारखं वागणं. पण रात्री तीन वाजता त्या अलर्टमुळे कुणाला दुखत असेल तर ते मला, सर्व्हरला नाही.

मग काय पाहिलं म्हणजे पटेल? मला पटला तो झेब्राफिशचा प्रयोग. टाकीचे दोन कप्पे. एकात वनस्पती आणि खडे, मासे तिथेच रमतात. दुसरा उघडाबोडका आणि झगझगीत, तिकडे कुणी फिरकत नाही. आम्ल टोचल्यावरही मासे पहिल्याच कप्प्यात राहिले. मग उघड्या कप्प्याच्या पाण्यात वेदनाशामक मिसळलं. आता आम्ल टोचलेले मासे आपली आवडती जागा सोडून तिकडे जाऊ लागले. आराम मिळावा म्हणून किंमत मोजणं हे नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेत बसत नाही. असा व्यवहार करणारा प्रोग्रॅमही लिहिता येईल, हे मला माहीत आहे. पण प्रोग्रॅम आणि माझ्यात समान पूर्वज नाही. मासा आणि माझ्यात आहे. नोसिसेप्टर, मॉर्फिनला दाद देणारी यंत्रणा, भूक उडणं, सावधपणा हरवणं, हे सगळं दोघांकडे आहे. इतकं सारखं हार्डवेअर असताना 'आत कुणी नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्या मते रोझ आणि की यांच्यावर येते. पक्ष्यांनाही आपल्यासारखं थरांचं कॉर्टेक्स नसतं, आणि कोंबडीला दुखत नाही असं आज कुणी गांभीर्याने म्हणत नाही.

तर माशाला दुखतं असं धरून चालू. पुढचा प्रश्न: मराठीत खाण्यावर एवढं लिहिलं जातं, त्यात हे का येत नाही?

कारण आपल्याकडे जनावराबद्दलचा प्रश्न विचारला की तो माणसाबद्दलचा होतो. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना 'नॉनव्हेज खाता का' असं ज्याला विचारलं गेलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. विचारणाऱ्याला बोकडाची काळजी नसते. त्याला आडनावावरून न कळलेली गोष्ट ताटावरून काढून घ्यायची असते. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आमच्या जिल्ह्यात या निर्णयाची चर्चा झाली ती म्हातारा बैल विकायचा कुठे या प्रश्नाने. कापूस गेला की बैल विकून पेरणी उभी करणाऱ्या घरांत हा प्रश्न तात्त्विक नसतो. आणि जानेवारी २०१९ला यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, त्याच्या उद्घाटनाला बोलावून नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. त्यांच्या न झालेल्या भाषणात गोमांसाच्या नुसत्या अफवेवरून मारल्या गेलेल्या माणसांचा उल्लेख होता.

अशा हवेत कुणी प्राण्याच्या वेदनेबद्दल बोललं की ऐकणारा आधी पाहतो, हा कुणाच्या बाजूचा. हा संशय रास्त आहे. गाईची करुणा माणसाच्या गळ्याशी येते हे त्याने पाहिलेलं असतं.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५चं पुस्तक याच संशयातून वाचायला हवं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचं हे पुस्तक. २०२४ साली भूषण कोरगांवकर यांनी ते इंग्रजीत नेलं आणि मग त्याच्यावर बरंच लिहिलं गेलं. बहुतेक लिहिणाऱ्यांनी ते 'वेगळ्या पाककृतीं'चं पुस्तक म्हणून वाचलं, हे मला खटकतं. पाटोळ्यांचं मुख्य काम पाककृती देणं नाही. ज्या अन्नाला शास्त्रांनी तामसी म्हटलं, संतांनी नावं ठेवली आणि पाकपुस्तकांनी जागाच दिली नाही, त्या अन्नाची ते बाजू मांडतात. मेलेल्या जनावराचं मांस कुणाच्या वाट्याला का आलं, ते वाळवून चान्या का करायच्या, तेलाशिवाय कसं भागवायचं. यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या पुस्तकाला जनावर आतून-बाहेरून माहीत आहे. कुठला अवयव कसा असतो, किती शिजतो, काय वाया जात नाही. फोनवर 'बोनलेस' मागवणाऱ्या माझ्यासारख्याला जनावराची इतकी ओळख नसते. तरीही पाटोळे जनावराच्या दुखण्याकडे वळत नाहीत. त्यांनी वळावं अशी मागणी मी करणार नाही. ज्याच्या ताटावर हजार वर्षं थुंकलं गेलं, त्याने आधी ताट पुसावं.

पण म्हणूनच मला मासा महत्त्वाचा वाटतो. मासा कुणाचा झेंडा नाही. माशावरून कुणाला रस्त्यात अडवून मारल्याचं मी ऐकलेलं नाही. कोकणातले सारस्वत ब्राह्मण मासे खातात, आमच्याकडचे भोई खातात, बौद्ध खातात, मुसलमान खातात. 'मी नॉनव्हेज खात नाही, फक्त फिश' असं म्हणणारे प्रत्येक ऑफिसात दोन-तीन सापडतात. स्वतः कोसंबी गोव्यातल्या सांखवाळच्या गौड सारस्वत घरातले. त्यामुळे माशाबद्दल विचारलेला प्रश्न कुठल्याच जातीवर नेम धरत नाही. खाणाऱ्याची झडती न घेता खाल्ल्या जाणाऱ्याचा विचार करायची संधी आपल्याला दुसऱ्या कुठल्या प्राण्याबाबत मिळत नाही.

त्या विचाराला साधन हवं. ते मला एका दुसऱ्या बुद्धचरित्रात मिळालं. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ला, त्यांच्या निधनानंतर आला. विदर्भातल्या किती घरांत तो आहे हे सांगायला नको. त्यात अहिंसेच्या चर्चेत ते एक फरक करतात: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज. बुद्धाने गरजेपोटी मारण्यावर सरसकट बंदी घातली नाही, केवळ इच्छेपोटी मारणं नाकारलं, असं त्यांचं विवरण आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे. नियम पाळला की मोडला एवढंच पाहता येतं, तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विचार करायला लावतं.

कोसंबींनी बुद्ध काय खात होता हे दाखवलं. आंबेडकरांनी ते खाणं कुठल्या कसोटीवर पारखायचं ते सांगितलं. पाली विनयातली कसोटी भिक्षूसाठी होती: प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही, तशी शंकाही नाही, तर मासे-मांस चालतं. देवदत्ताने मासे-मांस पूर्ण बंद करा अशी मागणी केली, ती बुद्धाने मान्य केली नाही. भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्याला ही कसोटी ठीक आहे. ॲपवरून ऑर्डर देणाऱ्याने ती वापरली तर ती पळवाट होते. तो काहीच पाहत नाही, काहीच ऐकत नाही, आणि तरीही मासा त्याच्याच ऑर्डरवर मारला जातो. गरज की इच्छा ही कसोटी त्याला सुटू देत नाही. ती मला तरी सुटू देत नाही. इसापूर धरणावर पहाटे जाळं ओढणाऱ्या भोई कुटुंबाची गरज आणि महिन्याच्या सात तारखेला पगार होणाऱ्या माझी शुक्रवारची इच्छा, यांना एका वजनाने मोजता येत नाही. मी मासे सोडलेले नाहीत, कमी केले आहेत.

मात्र या कसोटीतही एक जागा रिकामी राहते. ती मारावं की नाही हे सांगते, मरायला किती वेळ लागतो हे सांगत नाही. आणि माशाच्या बाबतीत खरी गोष्ट तीच आहे. बोकडाला निदान सुरी मिळते. बहुतेक माशांना कुणी मारतच नाही. त्यांना पाण्याबाहेर ठेवलं जातं आणि ते मरतात. २०२५ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. हवेत गुदमरून मरणाऱ्या ट्राउटला सरासरी दहा मिनिटं मध्यम ते तीव्र वेदना होत असाव्यात, असा त्यात अंदाज आहे, आणि अंदाजाचा पल्ला २ ते २२ मिनिटांचा. वेदना मिनिटात मोजायची कल्पना मला थोडी हास्यास्पद वाटते. हा आकडा गृहीतकांच्या उतरंडीवर उभा आहे. पण प्रश्न बरोबर आहे.

तोच प्रश्न पुसदच्या मासळी बाजारात विचारून पाहा. आमच्याकडची लाडकी मरळ. ती हवेतला श्वास घेऊ शकते, म्हणून डबकी आटली तरी चिखलात तग धरते, आणि म्हणूनच टोपात चार बोटं पाण्यात दिवसभर जिवंत ठेवून विकता येते. ट्राउट काही मिनिटांत संपतो, मरळ पाण्याबाहेर तासन् तास जगते. जगण्यासाठी मिळालेली ही सोय बाजारात तिचं मरण लांबवते. रोहू-कतला धरणावरून बर्फात येतात. बर्फात टाकलेला मासाही लगेच मरत नाही, फक्त हालचाल थांबल्यामुळे तो मेला असं आपल्याला वाटतं. आपल्या कायद्यातही मासा आहे. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. खाण्यासाठी मारायला सूट आहे, पण अनावश्यक यातना दिल्या तर ती सूट उरत नाही. रोहूच्या बाबतीत 'अनावश्यक' म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

अशोकाने विचारलं होतं, निदान अर्धं. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असा हुकूम आहे. चातुर्मासाच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, उपोसथाचे दिवस. आपण श्रावण पाळतो तो याच चालीचा वाटतो, पण उलटा झालेला. अशोकाच्या हुकमात त्या दिवशी मासा वाचतो. आपल्या श्रावणात खाणारा शुद्ध होतो, मासा फ्रीजरमध्ये वाट पाहतो.

कोसंबींबद्दल एक गोष्ट राहिली. त्यांच्यावर अहिंसेची टिंगल केल्याचा आरोप झाला. तो करणाऱ्यांनी त्यांचं 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' पाहावं. ते त्यांच्या पश्चात १९४९ला छापलं गेलं. अहिंसेचा उगम ते तिथे आदराने पार्श्वनाथांपर्यंत नेतात. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरची वर्धा नदी ओलांडून पुढे गेलं की सेवाग्राम लागतं. तिथे, शरीर आता कुणाच्या उपयोगाचं उरलं नाही असं ठरवून, त्यांनी जैन सल्लेखनेसारखा अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ला देह ठेवला. जैन मुनी भिक्षेत मासा घेत असत असं लिहिणारा माणूस शेवटी जैन रीतीने गेला. त्याचे टीकाकार आणि चाहते दोघेही हे क्वचितच सांगतात. त्या आश्रमात बसून त्यांनी अकरावं प्रकरण पुन्हा लिहिलं असतं तर बहुकंटक मत्स्याकडे परत पाहिलं असतं का? मला वाटतं पाहिलं असतं. माणूस पुराव्याला घाबरणारा नव्हता, आणि ट्राउटचा ओठ हा पुरावाच आहे.

पुसदच्या बाजारात मरळ विकणाऱ्या एक मावशी आहेत. गिऱ्हाइकाने मासा निवडला की त्या हाताला राख लावून तो पकडतात, दांडक्याचा एकच टोला डोक्यात घालतात आणि मगच विळीवर घेतात. शेजारचे तसं करत नाहीत, जिवंतच खवलं काढायला घेतात. तुम्ही आधी मारता कशाला, असं मी एकदा विचारलं. "जित्ता ठेवला तं हातातून सुटते, अन् तडफडून मेला तं मास चांगलं नाई लागत, भाऊ," असं म्हणून त्यांनी पुढची मरळ काढली.